मिस्त्रीची वाकडी पट्टी

४ जुलै, शनिवार

ही वही बायकोने दिली. ती ग्रंथालयात नोकरीला आहे. दिवसभर लोकांना गप्प बसवते आणि घरी आली की मला. म्हणाली, "अहो, सकाळपासून तेच तेच बोलून माझं डोकं खाल्लंत. आता लिहून काढा. वही निदान कंटाळत नाही." म्हणून बसलोय लिहायला.

झालं असं, की शाळेत आरोग्य तपासणी होती. नर्सबाईंनी आठवीच्या मुलींना ओळीने कमरेत वाकायला लावलं आणि आमच्या वकीलबाईंच्या हातात चिठ्ठी दिली. वकीलबाई म्हणजे आमची मुलगी. वय तेरा. बोलायला लागल्यापासून एकही वाद हरलेली नाही, म्हणून हे नाव पडलं. चिठ्ठीत लिहिलंय, "पाठीच्या कण्याला बाक वाटतो. मान व खांदे एका रेषेत नाहीत. हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे."

मान एका रेषेत नाही, हे मला सांगताहेत. बावीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवतोय मी. रोज पंचवीस-तीस माना माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसतात. "हनुवटी खाली, मान सरळ, अजून थोडी, बास," हे मी झोपेतही म्हणतो असं बायको सांगते. केसभर तिरकी मान मला दहा फुटांवरून कळते. पासपोर्टच्या कचेरीतून माझा एकही फोटो आजवर परत आलेला नाही. आणि माझ्याच घरातली मान वाकडी असेल आणि मला दिसणार नाही? नर्सबाईंनीच एकदा डोळे तपासून घ्यावेत.

हे सगळं मी वकीलबाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "बाबा, आधी सही कर. अपील नंतर."

सही केली.

५ जुलै, रविवार

दुकान बंद होतं, म्हणून तिला खाली स्टुडिओत नेलं. (घर वर, स्टुडिओ खाली. मध्ये अठरा पायऱ्या.) स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, मान सरळ.

"सरळच आहे."

"अजून थोडी."

"बाबा, सरळच आहे."

हा आमचा दर वाढदिवसाचा वाद आहे. नऊ वर्षांची होईपर्यंत तिचा वाढदिवसाचा फोटो मी इतर गिऱ्हाइकांसारखा निळ्या पडद्यासमोर काढायचो. दहाव्या वर्षी तिने हरकत घेतली. म्हणे, पडद्यासमोर मी हरवलेल्या मुलीच्या जाहिरातीतली वाटते. तेव्हापासून वर्षातून त्या एका दिवशी पडदा वर गुंडाळतो आणि मागची खरी भिंत दिसू देतो. ती बसते, मी मान सरळ म्हणतो, ती सरळच आहे म्हणते. शेवटी मीच नाद सोडतो, क्लिक करतो आणि बाकीचं कॉम्प्युटरवर बघून घेतो.

असे चार फोटो घराच्या बोळात ओळीने टांगलेत. दहावा, अकरावा, बारावा, तेरावा वाढदिवस. आज बायकोला हाताला धरून तिथे उभं केलं. म्हटलं, बघ, चारही फोटोंत मान कशी ओळंब्यात आहे. वाकडं काही असेल तर ती मागची पट्टी.

त्या पट्टीचं एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे डोकं मोकळं होईल. चार वर्षांपूर्वी भिंतीचा पोपडा झाकायला मी मिस्त्रीकडून आडवी लाकडी पट्टी ठोकून घेतली. मिस्त्री म्हणजे समोरचा सुतार, माझा शाळेपासूनचा दोस्त. पहिल्या फोटोत पट्टी किंचित तिरकी दिसली. मी बोललो नाही. दुसऱ्या वर्षी जास्त तिरकी. तिसऱ्या वर्षी तर डोळ्यांत खुपायला लागली. कच्चं लाकूड वापरलंय, दर वर्षी पीळ खातंय, हे उघड आहे. त्याला सांगायला गेलो तर म्हणाला, "माझी पट्टी वाकडी असेल तर मी धंदा बंद करतो." मी म्हटलं, "कर." तेव्हापासून आमचं बोलणं नाही. भिंतीवर नुसत्या डोळ्यांनी बघितली तर सरळ वाटते, हे मला मान्य आहे. पण डोळ्याची समजूत काढता येते. फोटो आहे ते दाखवतो.

बायको फोटोंकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरची वेळ मी घेतलीय. गुरुवारी."

९ जुलै, गुरुवार

नर्सबाईंचे डोळे ठणठणीत आहेत.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावला. जन्मभर चेहरे बघितले, माणूस आतून असा पहिल्यांदाच बघितला. कणा खालून नीट वर येतो, मग मध्येच काहीतरी विसरल्यासारखा उजवीकडे वळतो आणि पुन्हा मागे येतो. छत्तीस अंश. मी विचारलं, दप्तरामुळे का? वाकून मोबाइल बघण्यामुळे का? डॉक्टरबाई म्हणाल्या, कशामुळेच नाही, वाढीच्या वयात काही मुलांना होतं, मुलींना जास्त. तुमचं काही चुकलेलं नाही आणि तिचंही नाही.

"आणि मान?" मी विचारलं. माझ्या खात्यातला प्रश्न होता.

"खाली कणा वळला की वर मान सांभाळून घ्यायला बघते. डोळे समोर राहावेत म्हणून शरीराची धडपड असते. कधी ते सांभाळणं कमी पडतं, कधी जास्त होतं. हिची मान डावीकडे झुकते. पण तिला विचाराल तर तिला ती सरळच वाटणार. तिच्या शरीराची सरळ रेषाच ती आहे."

वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी एक्स-रेकडे बघितलं.

आता मुख्य गोष्ट. बाक हळूहळू आलेला असेल तर ब्रेस घालायचा, म्हणजे प्लॅस्टिकचं जाकीट, दिवसातले अठरा-वीस तास, वाढ थांबेपर्यंत. तेवढ्यावर भागू शकतं. पण बाक झपाट्याने वाढत असेल तर ब्रेस त्याला पुरा पडत नाही, मग ऑपरेशनचा विचार लवकर करावा लागतो. कण्याला सळया लावतात. आणि वेग कळायला जुना एक्स-रे हवा, तो आमच्याकडे कुठला असणार?

"मग जुने फोटो आणा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुरावा म्हणून कच्चाच, पण काहीतरी अंदाज येईल. समोरून काढलेले, स्थिर बसलेले."

मी हसलोच. म्हटलं, फोटोंना आमच्याकडे काय तोटा.

घरी येताना वकीलबाई म्हणाल्या, "बाबा, शाळेत माझा मान वाढला म्हणून वर्गप्रतिनिधी केलं, आणि इकडे मान वाकली." आम्ही तिघं रस्त्यात थांबून हसलो. बायकोने डोळे पुसले ते हसण्यामुळेच असावेत.

११ जुलै, शनिवार

काम करणं अवघड झालंय. समोर माणूस बसला की मला त्याची मान दिसतच नाही, तिच्या खालचं सगळं दिसतं. आज एक बँकेचे साहेब आले होते. त्यांचा डावा खांदा मला खाली वाटला. माझ्या तोंडून निघून गेलं, "जरा उठून कमरेत वाकता का? पाठ माझ्याकडे करून." ते बिचारे वाकले. सांगतील ते करायची सवय असते लोकांना कॅमेऱ्यासमोर. नेमकी त्याच वेळी बायको डबा द्यायला खाली आली. डबा ठेवला आणि गेली. वरून मायलेकींच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

वकीलबाईंचे जुने फोटो शोधून ठेवले. खरं तर बाकीचे काही कामाचे नाहीत. सहलीतल्या फोटोंत ही पळते आहे, शाळेच्या फोटोंत तिसऱ्या रांगेत कुणाच्या तरी डोक्यामागे आहे, आणि उरलेल्यांत जीभ बाहेर. स्थिर, समोरून, असे बोळातलेच चार. ते स्कॅन-बिन नाही, चांगले मोठे छापून घेतले. पट्टी दिसू नये म्हणून खांद्यांच्या वर दोन्ही बाजूंनी कापले. डॉक्टरबाईंसमोर मिस्त्रीचं काम कशाला दाखवायचं.

१७ जुलै, शुक्रवार

डॉक्टरबाईंनी चारही फोटो पुढ्यात मांडले. एकेकावर पट्टी धरून बघितली, कागदाची. मग चष्मा काढला.

"गेल्या वाढदिवसाला मान अगदी सरळ आहे. खांदे थोडे खालीवर असतील, पण मान एकदम सरळ. म्हणजे दहा महिन्यांपूर्वी हे एवढं नव्हतं." पुढे म्हणाल्या, "इतक्या थोड्या दिवसांत छत्तीस अंश. हा वेग मला आवडलेला नाही. मी सर्जनशी बोलते. या महिन्याच्या शेवटी आपण सगळे भेटू."

म्हणजे मी बरोबर होतो. मान सरळ होती, मी म्हणत होतो तशीच. पण इतकं वाईट बरोबर मी कधी ठरलो नव्हतो.

परतताना वकीलबाई खिडकीपाशी बसल्या. मी म्हटलं, सळया लावल्या तरी काय, विमानतळावर मशीन वाजेल आणि तुझी वरात निघेल. म्हणाली, "हो बाबा." नुसतं हो. मग मी मुद्दाम म्हटलं, जगातला सगळ्यात मोठा प्राणी हत्ती. त्यावरही म्हणाली, "हो."

मला फार भीती वाटतेय. बायकोला सांगितली नाही, वहीला सांगतो.

१८ जुलै, शनिवार

सकाळी बोळात गेलो तर भिंत रिकामी. चारही फोटो बायकोने काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलेले. म्हणाली, धूळ पुसते आहे. धूळ पुसायला शाळेची पट्टी कशाला लागते ते मला कळलं नाही.

मग विचारते, "मिस्त्रीचं लाकूड खरंच पीळ खातंय का हो?" म्हटलं, फोटो समोर आहेत, दर वर्षी जास्त. "आणि बाकीच्या गिऱ्हाइकांच्या फोटोंत?" म्हटलं, बाकीच्यांच्या वेळी पडदा असतो, पट्टी दिसतेच कुठे. ती "बरं" म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "हिच्या शाळेच्या स्कर्टचा घेर दोन वर्षं एका बाजूने खाली जायचा. मी तेवढीच बाजू दुमडून शिवत राहिले आणि शिंप्याला नावं ठेवत राहिले." मला वाटलं, काळजीने विषय भरकटतोय तिचा. पाठीवर हात ठेवला.

दुपारी बघतो तर ही समोर मिस्त्रीच्या दुकानात बसून चहा पितेय. चांगला अर्धा तास. मिस्त्री मान डोलावतोय. घरात एवढं संकट आणि ही शत्रूकडे चहाला. वकीलबाईंकडे तक्रार केली तर म्हणाल्या, "हो बाबा."

१९ जुलै, रविवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

दहाच्या सुमारास स्टुडिओचं दार वाजलं. मिस्त्री. दोन वर्षांनी. बगलेत त्याची पाणसळ, ती लाकडी चौकटीतली काचेची नळी, आत पाणी आणि एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध तर काम सरळ. मागे बायको आणि वकीलबाई, दोघी पायऱ्यांवर.

मिस्त्री म्हणाला, "पडदा वर कर."

मी म्हटलं, "लाज नाही वाटत स्वतःचं काम परत बघायला?"

"कर तर."

पडदा गुंडाळला. त्याने पाणसळ पट्टीवर टेकवली. बुडबुडा जरा हलला आणि मधोमध येऊन बसला. त्याने ती डाव्या टोकाला धरली, मग उजव्या टोकाला. बुडबुडा मधोमध. पुन्हा उलटी करून धरली, कारण मी म्हटलं तुझी पाणसळच बिघडलीय. तरी मधोमध.

"पट्टी सरळ आहे," मिस्त्री म्हणाला. "ठोकली त्या दिवशी होती तशी."

"मग फोटोत वाकडी कशी येते?"

"फोटो तू काढतोस. मी कसं सांगू."

पायऱ्यांवरून वकीलबाईंचा आवाज आला, साक्षीदाराला विचारावं तसा. "बाबा, माझा फोटो तू कॉम्प्युटरवर फिरवतोस?"

"फिरवतो म्हणजे, थोडासा."

"कुठपर्यंत?"

"मान सरळ दिसेपर्यंत."

मिस्त्रीने पाणसळ खाली ठेवली. मला एकदम चारही वर्षं दिसली. ही स्टुलावर बसलेली, सरळच आहे म्हणणारी. आणि मी तिचं न ऐकता तिचा फोटो कॉम्प्युटरवर फिरवतोय, भिंत तिरकी झाली तरी चालेल, मान सरळ हवी. भिंत तिरकी झाली तेव्हा भांडलो कुणाशी, तर सुताराशी. दर वर्षी पट्टी जास्त तिरकी होत होती. दर वर्षी मी जास्त फिरवत होतो. आणि डॉक्टरबाईंपुढे जाताना मी त्यातली पट्टीही कापून टाकली.

"मूळ फोटो असतील ना?" बायकोने विचारलं.

नाहीत. दुरुस्त केला की मी त्याच फाइलवर सेव्ह करतो. पसारा नको म्हणून. बावीस वर्षांची सवय.

मी स्टुलावर बसलो आणि रडलो. लपवायचं काय वहीपासून. म्हटलं, मीच पुसून टाकलं गं सगळं. रोज लोकांच्या माना बघतो आणि तुझी बघितलीच नाही.

वकीलबाई खाली उतरल्या. मला वाटलं आता जवळ घेईल. तर ही वळून धाडधाड वर गेली. परत आली ती कंपासपेटी आणि टेबलावरचे चार फोटो घेऊन, आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर तो वाद जिंकतानाचा रंग होता.

"बाबा, ऊठ. पुसलं कुठे? तू जेवढं फिरवलंस तेवढी पट्टी वाकडी झाली. पट्टी जेवढी वाकडी तेवढी माझी मान. लिहूनच ठेवलंयस तू."

तिने फोटो काउंटरवर मांडले, कोनमापक ठेवला. पट्टीची रेघ मिस्त्रीने पेन्सिलीने वाढवून दिली, सुताराच्या हातची रेघ ती. दहावा वाढदिवस, एक अंश. अकरावा, अडीच. बारावा, चार. तेरावा, साडेपाच. बायको एका कागदावर लिहून घेत होती. दर वर्षी दीड. कुठे उडी नाही, झपाटा नाही.

मिस्त्री म्हणाला, "तू माणूस चुकलेला, पण चुकतोस फार नेटकं."

मग मी त्याची माफी मागितली. त्याने ती लगेच घेतली नाही. म्हणाला, दोन वर्षांचं आहे, हप्त्याहप्त्याने घेईन. जाताना दारातून विचारलं, "अजून काही वाकडंय का आज?" हे आता जन्मभर चालणार.

२१ जुलै, मंगळवार

वेळ न घेताच डॉक्टरबाईंकडे गेलो. चार फोटो, न कापलेले. मिस्त्रीची पाणसळ पट्टीवर ठेवून काढलेला नवा फोटो, बुडबुडा दिसेल असा. बायकोचा कागद. सगळं सांगितलं, माझ्या मूर्खपणासकट. वकीलबाई मधून मधून "हे नोंदवून घ्या" म्हणत होत्या.

डॉक्टरबाई आधी गंभीर होत्या. मग त्यांनी फोटो एकेक उलट दिशेने थोडा फिरवून पट्टी आडवी केली, आणि प्रत्येक फोटोत मान हळूच डावीकडे झुकली. दहाव्या वर्षी जेमतेम. तेराव्या वर्षी स्पष्ट. मी ते पहिल्यांदाच बघत होतो. माझी मुलगी अशी दिसत होती. चांगली दिसत होती.

"मानेचा कोन म्हणजे कण्याचा कोन नव्हे," त्या म्हणाल्या. "याच्यावर मी शपथ घेणार नाही. पण हे सगळं दहा महिन्यांत झालेलं नाही, एवढं नक्की. तीन-चार वर्षं सावकाश चाललंय." मग वकीलबाईंकडे वळून, "ऑपरेशनचं आत्ता नाही. ब्रेस घालू. तो नीट घातलास तर बरीच आशा आहे. घालशील?"

वकीलबाई म्हणाल्या, "अटी ऐकते, मग सांगते."

मी कधी कुणाला इतक्या आनंदाने वाद घालताना ऐकलं नव्हतं. वीस तासांवरून घासाघीस करून अठरावर आली, पोहायला जाताना काढायची सूट मिळवली. बाहेर आल्यावर बायको बाकावर बसली आणि म्हणाली, "दोन मिनिटं थांबा." दोन मिनिटं थांबलो.

६ ऑगस्ट, गुरुवार

ब्रेस आला. बनवणारा गृहस्थ कमी बोलणारा. जाकीट तिच्या अंगाचा साचा घेऊन बनवलंय, एका बाजूने दाबतं, दुसऱ्या बाजूला मोकळी जागा. वकीलबाईंनी जाकिटाचं नाव हवालदार ठेवलं. धरलं की सोडत नाही म्हणून.

तिला वाकता येत नाही, बुटाचे बंद मी बांधतो. खाली बसून तिच्याकडे वर बघितलं तर म्हणाली, "बाबा, माझ्याकडे गिऱ्हाईक असल्यासारखं बघू नकोस." मी बंद बघत राहिलो.

९ ऑगस्ट, रविवार

हवालदार काचतो. दोन दिवस आई-मुलीची धुसफूस. आज ती फेकून देईन म्हणाली, मग स्वतःच चढवला आणि म्हणाली, "तक्रार नोंदवली, एवढंच." आत घालायला बायकोने सुती बनियन शिवले, शिवण उलटी बाहेरच्या बाजूला ठेवून. आता बरं आहे.

१३ ऑगस्ट, गुरुवार

बावीस वर्षांत पहिल्यांदा पासपोर्टच्या कचेरीतून फोटो परत आला. "मान तिरकी" असा शेरा. गिऱ्हाईक एक म्हातारे गृहस्थ होते, मी सरळ करा म्हणालो तर म्हणाले सरळच आहे, आणि मी म्हटलं, असेल बुवा. दुसऱ्यांदा काढताना त्यांना विचारलं, दुखतं का मान हलवताना? म्हणाले, हो, दोन वर्षं झाली, कुणी विचारलंच नाही. डॉक्टरबाईंचा पत्ता लिहून दिला. मग उशी लावून फोटो काढला, पास होईल असा.

बायको म्हणते तो शेरा फ्रेम करून घ्या.

१० सप्टेंबर, गुरुवार

ब्रेस घालून एक्स-रे काढला. छत्तीसचे एकवीस. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा आकडा जाकीट घातल्यावरचा, काढल्यावर परत थोडा वाढेल, पण ऐकतोय कणा. "सर्जनना कळवते, सध्या त्यांची गरज नाही म्हणून." वकीलबाईंनी मला कोपर मारलं. कोपर काही प्लॅस्टिकचं नव्हतं, पण पाठोपाठ हवालदारही लागला.

२७ सप्टेंबर, रविवार

चौदावा वाढदिवस. केक वर, फोटो खाली, नेहमीप्रमाणे. मिस्त्री पाणसळ घेऊन आला होता, कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाला, माझ्या पट्टीवर पुन्हा आळ नको. फोटो काढायच्या आधी बुडबुडा मला दाखवला, बायकोला दाखवला, वकीलबाईंना दाखवला.

हवालदार एका तासाच्या रजेवर. ती स्टुलावर बसली. हात मांडीवर, नजर समोर. मी कॅमेऱ्यामागे गेलो आणि बावीस वर्षांचं ते वाक्य जिभेवर आलं. गिळलं.

ती वाट बघत होती. शेवटी तिनेच विचारलं, "बाबा, मान?"

"तू सांग."

"सरळच आहे."

"आहे," मी म्हटलं आणि क्लिक केलं.

बोळात आता पाच फोटो आहेत. चारांत मान सरळ आणि पट्टी वाकडी, पाचव्यात पट्टी सरळ आणि मान तिची, जशी आहे तशी. मी म्हटलं, जुने उतरवू का? मला बघवत नाहीत. वकीलबाई म्हणाल्या, "पुराव्याला हात लावायचा नाही."

नव्याची फाइल मूळ तशीच ठेवलीय. दुसरी केलीच नाही.